पाऊस अडवणारी वीण

इंग्लंडच्या दक्षिणेकडील बेझिंगस्टोक गावात टॉमस बर्बेरी या एकवीस वर्षांच्या तरुणाने १८५६ मध्ये कापडाचे दुकान थाटले. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी, शिकारी, घोड्यावरून रपेट करणारे. सगळी उघड्यावर वावरणारी माणसे. आणि तिथला पाऊस काही मृग नक्षत्राची वाट पाहत नाही.

पावसाळी कोट तेव्हाही मिळत. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्येच त्यांच्या कापडाचे पेटंट घेतले होते. डांबरापासून मिळणाऱ्या नॅप्थात त्याने रबर विरघळवले आणि दोन कापडांच्या मध्ये लिंपले. पाणी अडले, पण हवाही अडली. कोट घालून चार पावले चालले की आतून घामाने भिजायचे. रबर उन्हात चिकट व्हायचे, थंडीत ताठरायचे, वर त्याचा वास. पुढे व्हल्कनायझेशन आले आणि चिकटपणा गेला. घाम तसाच राहिला.

बर्बेरीने १८७९ मध्ये जे कापड तयार केले, त्यात वर लिंपण असे नव्हतेच. विणायच्या आधी सुतावरच पाणी न शोषण्याची प्रक्रिया करायची, मग ते अतिशय घट्ट विणायचे. वीण ट्विलची, ताणा बाण्याहून दाट; म्हणून कापडावर बारीक, खड्या तिरप्या रेघा उठतात. थेंबाला धागा भिजवता येत नाही आणि फटीतून शिरायला वाव नसतो. घामाची वाफ मात्र त्याच फटींतून बाहेर पडते. माझ्या मते बर्बेरीची सगळी थोरवी या एका विचारात आहे. मेंढ्यांच्या लोकरीतली चरबी लागून मेंढपाळांच्या अंगरख्यांवर पाणी ठरत नसे, त्यावरून त्याला हे सुचले असे सांगतात. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे हिंडणाऱ्या आपल्या धनगराला यात नवल वाटणार नाही.

या कापडाचे नाव गॅबर्डिन; त्याचे पेटंट १८८८ चे. हलके, वारा अडवणारे कापड म्हणून ते ध्रुवावर निघालेल्यांनी उचलले. अमुंडसेन आणि स्कॉट या दोघांच्याही मोहिमांत ते होते. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा अंगावरच्या कपड्यांत गॅबर्डिनही होते.

या कापडाचा ट्रेंच कोट आला पहिल्या महायुद्धात. ट्रेंच कोट पहिला कुणाचा, यावर बर्बेरी आणि अ‍ॅक्वास्क्युटम या दोन्ही कंपन्या हक्क सांगतात. ब्रिटिश अधिकारी हा कोट पदरच्या पैशाने घेत. साध्या शिपायाच्या वाट्याला लोकरीचा जड ओव्हरकोटच. खांद्यावरचे पट्टे हुद्द्याच्या खुणांसाठी, कमरपट्ट्याच्या कड्या सामान अडकवायला, छातीवरची जादा झडप पाणी आत शिरू नये म्हणून. आज लाखाच्या घरात किंमत असलेल्या कोटावरही हे सगळे शिल्लक आहे. बर्बेरीचे प्रसिद्ध चौकडीचे अस्तर मात्र १९२० च्या दशकातले, म्हणजे युद्धानंतरचे.

असा कोट कुणाकडे असेल तर तो खसाखसा धुऊ नये, पिळू तर नयेच. मळ आणि साबणाचा अंश धाग्यात राहिला की पाणी मुरू लागते. चिखल वाळू द्यावा, मग मऊ ब्रशने झाडावा. भिजलेला कोट रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत वाळवावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवला तर बुरशी ठरलेली, तेव्हा सुती कापडाची खोळच बरी. थेंब घरंगळायचे थांबले तर पाणी न शोषण्याची ती प्रक्रिया जाणकाराकडून पुन्हा करून घेता येते.