हौद्यातलं पिस्तूल आणि दुर्बिणीचे स्क्रू

शिकारीसाठी रिव्हॉल्व्हर, आणि त्यावर दुर्बीण! आपल्याकडे हे ऐकून कुणीही हसेल. रिव्हॉल्व्हर म्हणजे इन्स्पेक्टरच्या कमरेला असतं ते, फार तर हिंदी सिनेमातल्या व्हिलनच्या हातात. पण गंमत अशी की शिकारीला जाताना दणकट पिस्तूल जवळ बाळगायची पद्धत रुजली ती हिंदुस्थानातच.

एकोणिसाव्या शतकात साहेब लोक हत्तीवर हौद्यात बसून वाघ मारायला निघत. लांबून मारायला रायफल असायची. पण जखमी वाघ हत्तीच्या अंगावर चढून हौद्यापर्यंत आला, तर ती लांबलचक रायफल वळवणार कशी? त्यासाठी जाड नळ्यांचं, आखूड, दोन किंवा चार नळ्यांचं पिस्तूल असे. त्याचं नावच 'हौदा पिस्तूल'. नेम धरायचा प्रश्नच नव्हता, कारण वाघ हातभर अंतरावर. शतकाच्या अखेरीस दणकट रिव्हॉल्व्हर आली आणि हौदा पिस्तूल मागे पडलं.

आपल्या वऱ्हाडातही शिकार जोरात होती. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. इथल्या सागाच्या जंगलात वाघ होते, आजही आहेत. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य सगळ्यांना माहीत असेलच. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा हा सगळा खेळ कायद्याने संपला.

तिकडे अमेरिकेत मात्र पिस्तुलाच्या शिकारीची वेगळीच गोष्ट सुरू झाली होती. १९५५च्या अखेरीस स्मिथ अँड वेसनने .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणलं. (१९७१च्या 'डर्टी हॅरी'मध्ये क्लिंट ईस्टवूडच्या हातात आहे तेच.) लोक त्याने हरणं मारू लागले, तीही पन्नास-शंभर मीटरवरून. म्हणजे हातभर अंतरासाठीची वस्तू लांबच्या कामाला लावली. मग साहजिकच दुर्बीण आली. आणि दुर्बिणीबरोबर डोकेदुखी.

मंडळी, इथे थोडं बारावीचं फिजिक्स. .४४ मॅग्नमची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. तिच्यामागून बाहेर पडणारा गॅसही धरला, तर दीड किलोचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला सुमारे ५ मीटर वेगाने मागे येतं. हा वेग त्याला एक-दीड मिलिसेकंदात मिळतो. आता वर बसवलेली पाव किलोची दुर्बीण घ्या. न्यूटनबाबाच्या नियमाप्रमाणे तिला जागेवरच थांबायचंय आणि खालचं रिव्हॉल्व्हर तिला मागे खेचतंय. हिशोब केला तर त्या क्षणी माउंटवर ८० ते १२५ किलो वजनाएवढा जोर येतो. प्रत्येक गोळीला! २००३ साली आलेल्या .५०० मॅग्नमची लाथ तर याच्या दुपटीहून जास्त.

हा जोर नुसत्या स्क्रूच्या घर्षणावर पेलत नाही. स्क्रूचं काम दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबून धरण्याचं. आडवा धक्का झेलायला धातूवर धातू टेकायला लागतो. म्हणून चांगल्या माउंटला खाली आडवी पट्टी असते आणि ती नळीवरच्या खाचेत बसते. रिव्हॉल्व्हर मागे जातं, म्हणजे दुर्बीण त्याच्या मानाने पुढे सरकू बघते. त्यामुळे माउंट आधी खाचेत पुढे सरकवून टेकवायचा आणि मगच स्क्रू आवळायचे. उलट केलं तर पहिल्याच गोळीला माउंट घसरून टेकतो आणि नेम गेला. रुगरने १९८७च्या सुपर रेडहॉकमध्ये तर रिंगांसाठी फ्रेममध्येच खोबणी कोरल्या. बाकी पथ्यंही साधीच आहेत. सगळे भाग तेल पुसून कोरडे करायचे, स्क्रू ठरलेल्या टॉर्कलाच आवळायचे, जड काडतुसं असतील तर दोनाऐवजी तीन रिंगा लावायच्या. आणि दुर्बीण रायफलची चालत नाही. तिला डोळा आठ-दहा सेंटिमीटरवर लागतो, पिस्तूल तर हात लांब करून धरायचं असतं.

एवढा आटापिटा कशासाठी? दहा सेंटिमीटर लांबीच्या माउंटचं एक टोक फक्त ०.१ मिलिमीटर हललं, तर शंभर मीटरवर नेम दहा सेंटिमीटर चुकतो. हरीण तिथल्या तिथे मरायच्या ऐवजी पोटात गोळी घेऊन पळतं आणि तासन् तास तडफडतं. सैल स्क्रूची किंमत स्क्रू लावणारा भरत नाही, ही यातली खरी गोष्ट.

आता परत यवतमाळला येऊ. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांचे बळी टी-१ वाघिणीच्या नावावर लागले. हीच ती 'अवनी'. वावरात एकटं जायची कुणाची हिंमत होत नव्हती. कपाशी तर उभी होती. आदेश असा होता की आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करा, तो फसला तरच मारा. ११ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टानेही यात हस्तक्षेप करायला नकार दिला. मोहिमेत हत्ती आले (हो, पुन्हा हत्ती!), त्यातला एक सुटला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. शेवटी २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ शफात अली खान यांचा मुलगा असगर अली याच्या गोळीने वाघीण मेली. डार्ट मारल्यावर ती गाडीवर चालून आली म्हणून गोळी झाडली, असं त्याचं म्हणणं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत मात्र अनेक नियम मोडल्याचं नोंदलं गेलं. रात्री डार्ट मारायची परवानगी नव्हती, आणि सोबत पशुवैद्यकही नव्हता.

गावात फटाके फुटले. शहरांत मेणबत्त्या लागल्या. मला दोन्ही समजतात. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला वाघिणीचे हक्क शिकवायला मी जाणार नाही. पण रात्री डार्ट नको, डॉक्टर सोबत हवा, हे नियम म्हणजे नुसते सोपस्कार नाहीत. माणूस घाबरलेला असतो, वरून दबाव असतो, अंधारात जनावर समोर असतं. धक्का बसतो तो नेमका तेव्हा, आणि म्हणूनच नियम आधी घालून ठेवायचे असतात. डॉक्टर सोबत असता, तर काय घडलं हे सांगणारा बंदूकधाऱ्यांखेरीज आणखी एक माणूस मिळाला असता. वाघीण वाचली असती का, कोण जाणे. पण निदान गावाच्या आणि शहराच्या हातात एकच हकीकत असती, आणि पुढच्या वाघाच्या वेळी वनखात्यावर दोघांनी विश्वास ठेवला असता. टिपेश्वरच्या आसपास वाघही आहेत आणि वावरंही. पुढची वेळ येणारच आहे.