दहा सेकंदांचा अशक्तपणा

दिवाळीला मुलगा, सूनबाई आणि नातू अमेरिकेहून आले होते, त्यामुळे मोरव्याचं आमचं घर पंधरा दिवस भरलेलं होतं. नातू बारा वर्षांचा. फराळ खाऊन झाला की लॅपटॉप उघडून बसायचा. मी म्हटलं, बघू तरी काय एवढं आहे त्यात, आणि खुर्ची ओढून शेजारी बसलो. निवृत्त मास्तरला दुसरं काम काय!

तर त्या खेळाचं नाव 'सिटी ऑफ हीरोज'. एक शहर, त्यात हजारो लोक आपापल्या घरून एकाच वेळी महानायक होऊन फिरतात. कुणी उडतो, कुणी आग ओकतो. आमच्या चिरंजीवांनी 'सुपर स्ट्रेंग्थ' घेतलेली, म्हणजे अचाट बळ. नायकाचं नाव ठेवलंय 'मोरवा मॅन'! हा मोरवा मॅन नुसत्या ठोशाने माणूस उडवतो, टाळी वाजवून चार जणांना भुईवर लोळवतो आणि जमिनीतून दगड उपटून फेकतो. आमच्या गावाची एवढी प्रसिद्धी पूर्वी झालेली नाही.

पण मध्येच नातू कुरकुरला, "आजोबा, हे अनफेअर आहे. आता मी दहा सेकंद काहीच करू शकत नाही."

मुलगा हसायला लागला. तो शिकायला अमेरिकेत होता तेव्हा, २००४ साली, हा खेळ निघाला. तो तेव्हापासूनचा खेळाडू. २०१२ च्या नोव्हेंबरअखेर कंपनीने खेळ बंद केला, पण चाहत्यांनी तो सोडला नाही, आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांच्यातल्या एका गटाला तो चालवायचा रीतसर परवाना मिळाला. बापाचा खेळ आता मुलगा खेळतोय. मुलाने मला जे समजावलं ते असं. अचाट बळ असलेल्या नायकाला 'रेज' नावाची एक शक्ती असते. रेज म्हणजे त्वेष. ती चढवली की दोन मिनिटं त्याच्या मूळ मारात ८० टक्क्यांची भर पडते. मात्र दोन मिनिटं संपली की दहा सेकंद त्याच्या ठोशात दम राहत नाही, बचाव ढिला पडतो आणि अंगातली ताकदही एकदम खाली येते. खेळाडू याला 'क्रॅश' म्हणतात.

मला वाटलं, ठीकच आहे की. एवढं बळ वापरलं तर थकवा यायचाच. पण मुलाचं म्हणणं वेगळं. म्हणे, रेज सोडली तर या संचातले बरेचसे ठोसे बेताचेच आहेत. संच बांधतानाच रेज गृहीत धरलेली. म्हणजे ती न वापरावी तर बळ नावापुरतं, आणि वापरावी तर दंड ठरलेला. शिवाय सुरुवातीला हे बळ फक्त 'टँकर' जातीच्या नायकांना मिळायचं. टँकरचं काम पुढे उभं राहून मार खायचं. मग २००५ मध्ये खलनायकांचा खेळ निघाला, त्यातल्या 'ब्रूट'ला तेच बळ दिलं, आणि त्याचा तर लढताना आपोआपच पारा चढत जातो. काही जण युक्त्या करून रेजवर रेज चढवायचे. झालं, वर्षानुवर्षं वाद! एखाद्याचं बळ कमी करण्याला हे लोक 'नर्फ करणं' म्हणतात. नर्फ हे स्पंजच्या खेळण्यांच्या एका ब्रँडचं नाव. तलवार काढून घ्यायची आणि हातात स्पंज द्यायचा. शब्द मला भारी आवडला.

आपल्याकडे हे जुनंच आहे म्हणा. लहानपणी हनुमंताने ऋषींना इतकं छळलं की त्यांनी त्याचं बळ काढून न घेता त्याला त्याचा विसर पाडला. पुढे समुद्रकिनारी जांबवंताने आठवण करून दिली तेव्हा कुठे उड्डाण झालं. शापसुद्धा किती बेताने दिला बघा!

पण मला त्या रात्री हनुमंतापेक्षा कुस्तीची जोड आठवत राहिली. आपल्या जत्रांमधली मैदानी कुस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. पूर्वी वजनकाटा कुठला आणि घड्याळ कुठलं! पैलवान हात वर करून मैदानात फेरी मारायचा, कुणी त्याचा हात धरला की पंच दोघांना शेजारी उभं करून न्याहाळायचे. मान बघायचे, खांदे बघायचे, कोण कुठल्या तालमीतला ते विचारायचे. पटलं तर जोड लागायची, नाही तर "तू बस, तुला मागून देतो." पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग नारळावर आणि मग पैशांवर. वस्तादाच्या डोळ्यांत सगळा हिशेब असायचा. चूकही व्हायची, वशिलाही चालायचा, उगाच सोनं करायला नको. पण एक पक्कं होतं. जड पैलवानाला कुणी बळ कमी कर म्हणायचं नाही, त्याच्यासाठी तोडीचा माणूस शोधायचे.

साहेबाकडेही सुरुवात तशीच. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीचा एकच गट होता, कितीही वजनाच्या माणसाने उतरावं. जिंकला कोण, तर कार्ल शुमान, साडेपाच फुटांहूनही ठेंगणा जर्मन जिम्नॅस्ट! पहिल्याच फेरीत त्याने ब्रिटनच्या लॉन्स्टन इलियटला पाडलं, आणि हा इलियट वजन उचलण्यात पहिला आलेला. अंतिम कुस्ती अंधार पडला म्हणून थांबवून दुसऱ्या दिवशी पूर्ण केली. पुढे १९०४ मध्ये सेंट लुईसला सात वजनगट आले.

वजनगट नसते तर आपले खाशाबा जाधव जगाला दिसले नसते, हेही खरं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्याच ५७ किलोत २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतने कांस्य मिळवलं, तेही एका रात्रीत चार-साडेचार किलो वजन उतरवून. त्याच स्पर्धेत विनेश फोगटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम फेरीच्या सकाळी ती बाद झाली. तराजू कुणाचं तोंड बघत नाही, हा त्याचा गुण आणि हाच दोष. आपल्या महाराष्ट्र केसरीत मात्र अजून थोडी जुनी हवा आहे. १९६१ पासून चालत आलेल्या या किताबाच्या गटात ८६ पासून १२५ किलोपर्यंतचे मल्ल एकमेकांसमोर येतात. जवळजवळ चाळीस किलोंची तफावत, तरी कुणी अनफेअर म्हणत नाही!

आता जे सांगायचं आहे ते. मी ज्या शाळेत होतो तिथे १९८१ च्या हिवाळ्यात कुस्तीच्या स्पर्धा घेतल्या. व्यायामाचे सर रजेवर, म्हणून जोड लावायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीचा मास्तर. मला वाटलं वजन केलं की झालं. शाळेत काटा नव्हता, म्हणून पोरांना रांगेने जवळच्या लाकडाच्या वखारीत नेलं. एक मुलगा ४२ किलो भरला, दुसरा ४३. जोड लावली आणि वहीत लिहून टाकली.

४२ किलोवाल्याचे आईबाप मिठागरावर मजुरीला होते. तो स्वतः सुट्टीत डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायचा. अंगाने काटकुळा, पण मान आणि पाठ म्हणजे दोरखंड. ते मला दिसलं नाही. दिसलं असेल तरी त्याचा अर्थ कळला नाही. कुस्ती अर्धा मिनिटही चालली नसेल. समोरचा मुलगा खांद्यावर पडला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. मग त्याचे वडील शाळेत येणं, आरडाओरडा, सगळं झालं. आणि मी काय केलं? त्या मिठागरवाल्या मुलाला उरलेल्या स्पर्धेतून काढलं. "अंगात एवढी मस्ती असेल तर घरी बस," असंही म्हणालो. सगळ्या वर्गासमोर.

त्याने डाव नियमात मारला होता. जोड चुकली होती, आणि ती लावली होती मी. त्यानंतर तो पोरांच्या खेळात लांब उभा राहायचा, कुणी धक्का दिला तरी हात उचलायचा नाही. नववीनंतर शाळेतच आला नाही.

दहाएक वर्षांपूर्वी भाईंदर स्टेशनवर भेटला. केस पिकलेले, पण मान तशीच. माझ्या हातातली पिशवी त्याने घेतली. इकडचं तिकडचं बोललो, आणि मग खाली बघत म्हणाला, "सर, तेव्हा मी डाव बरोबर मारला होता ना?" मी म्हटलं, "बरोबर मारला होतास रे. चूक माझी होती." तो बरं म्हणाला आणि माझी पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला, "पण आजोबा, तुम्ही त्याला काढून का टाकलं? मोठ्या मुलांच्या लेव्हलला टाकायचं ना."