सीमारेषा नसलेलं सरोवर

ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झहून बोट सुटते आणि वीस-पंचवीस मिनिटांत लिंडाऊ बेटाला लागते. लिंडाऊ जर्मनीत आहे. म्हणजे वाटेत कुठेतरी देश बदलला. नेमका कुठे, असं मी बोटीवरच्या एका खलाशाला विचारलं. तो म्हणाला, "ते आमच्या सरकारांनाही ठाऊक नाही." ही थट्टा नव्हती.

ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये पसरलेल्या या कॉन्स्टन्स सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे 536 चौरस किलोमीटर. त्याच्या मुख्य, खोल भागात तिन्ही देशांनी मान्य केलेली सीमा आजतागायत नाही. स्विस म्हणतात, सीमा पाण्याच्या मधोमध. ऑस्ट्रियाचं म्हणणं, काठाजवळचं पाणी ज्याचं त्याचं आणि खोल पाणी सर्वांच्या सामाईक मालकीचं. जर्मनीने ठाम भूमिका घेतलेलीच नाही. आपल्याकडे बांधाच्या हातभर जागेसाठी भावाभावांचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात. त्यामुळे हे ऐकून आपल्याला नवल वाटणं साहजिक आहे.

पण याचं श्रेय केवळ तिथल्या लोकांच्या समजूतदारपणाला देणं मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकात या काठावर पाच राज्यं होती: बाडेन, व्युर्टेम्बर्ग, बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. पाचांच्या आगबोटी, पाचांची घड्याळंही वेगळी! समोरच्या बंदरात किती वाजले हे आधी ताडून पाहावं लागे. मुंबईची वेळ आणि मद्रासची वेळ असा घोळ आपणही अनुभवला आहे. इथे तो एकाच तळ्याभोवती होता. 1861 साली 'श्टाट त्स्युरिख' या स्विस आगबोटीने 'लुडविग' ही बव्हेरियन बोट बुडवली. माणसं दगावली. 1864 च्या फेब्रुवारीत धुक्यामध्ये त्याच स्विस बोटीने 'युरा' ही दुसरी बव्हेरियन बोट बुडवली. 'युरा' आजही तळाशी आहे. 1867 मध्ये पाचही राज्यांनी एकत्र बसून जलवाहतुकीचे समान नियम केले. पाणी कोणाचं हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. बोटीने कोणाला वाट द्यायची, एवढंच ठरवलं.

मासेमारीचंही तसंच. 1893 च्या ब्रेगेन्झ करारापासूनची वहिवाट अशी, की पाण्याची खोली 25 मीटर होईपर्यंतचा पट्टा त्या-त्या काठाचा. त्यापलीकडे सर्व देशांच्या परवानाधारक कोळ्यांनी जाळी टाकावीत. मासे काही पासपोर्ट घेऊन पोहत नाहीत, हे कोळ्यांना वकिलांच्या आधी कळलं असावं.

पाण्याची मालकी अशी मोघम राहिली, बेटाच्या नशिबी मात्र ते नव्हतं. लिंडाऊ 1275 पासून साम्राज्याचं स्वतंत्र नगर होतं. नेपोलियनच्या धामधुमीत ते स्वातंत्र्य गेलं. 1804 मध्ये ते ऑस्ट्रियाकडे गेलं आणि 1805 मध्ये बव्हेरियाकडे. त्याच तहात ब्रेगेन्झही बव्हेरियाला मिळालं आणि 1814 मध्ये पुन्हा ऑस्ट्रियाकडे आलं. म्हणजे आजची ही परदेशवारी तेव्हा काही वर्षं घरच्या घरी होती. बव्हेरियाने 1853 मध्ये बेटापर्यंत रेल्वे नेली आणि 1856 मध्ये बंदराच्या तोंडाशी एका बाजूला दीपगृह, दुसऱ्या बाजूला दगडी सिंह उभा केला. बोट या दोहोंच्या मधून आत शिरते.

1945 नंतर फ्रेंचांनी लिंडाऊ आपल्या ताब्यात ठेवलं. त्यांच्याकडचा जर्मनीतला मुलूख आणि ऑस्ट्रियातला मुलूख यांना सांधणारी जमीन इथेच होती. त्यामुळे सुमारे दहा वर्षं हे बेट ना धड बव्हेरियाचं, ना फ्रान्सचं. 1955 मध्ये ते बव्हेरियाकडे परत आलं. याच अधांतरी काळात, 1951 साली, इथल्या दोन डॉक्टरांच्या खटपटीतून नोबेल विजेत्यांचं पहिलं संमेलन भरलं. युद्धामुळे एकट्या पडलेल्या जर्मन वैज्ञानिकांना पुन्हा जगाशी बोलता यावं, हा त्यामागचा हेतू. ते संमेलन अजूनही दर उन्हाळ्यात लिंडाऊलाच भरतं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)