तळटीप १४ : पुरणाचा सैपाक

१४. पुरणाचा सैपाक : पुरणपोळीचे सणाचे जेवण. इथला प्रसंग पोळ्याचा, म्हणजे श्रावण अमावास्येचा आहे. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळून त्यांना जेवणाचे आवतण देतात, ही खांदशेकणी. दुसऱ्या दिवशी पोळा फुटला की बैल दारी येतात. घरधनीण त्यांचे पाय धुते, ओवाळते, पोळी भरवते आणि मगच घरची माणसे पानावर बसतात. आजी नातवाच्या हातातली पोळी काढून घेते ती यासाठी. तिला कठोर समजू नये.

हरभऱ्याची डाळ शिजवून पाणी निथळतात (ते कटाच्या आमटीला जाते), मग गूळ किंवा साखर घालून आटवतात. उलथणे पुरणात उभे राहिले की पुरण झाले. ते गरम असतानाच पाट्यावर किंवा पुरणयंत्रात वाटावे लागते. गार झाल्यावर घट्ट होते, गाठी राहतात आणि लाटताना पोळी फुटते. पुढच्या परिच्छेदातली सुनेची घाई त्याचीच. अमरावती-अकोल्याकडे पोळीत पुरण भरगच्च, कणकेचा पापुद्रा पातळ आणि सोबत वाटीभर तूप असते.