काम केलं, पण मोजलं कोणी? भारत, बांगलादेश आणि शिरगावचा किनारा

बांगलादेशातल्या बायका आपल्यापेक्षा जास्त प्रमाणात कामावर आहेत, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. काही वर्षांपूर्वीचे आकडे तसे होतेच. 2017-18 मध्ये भारतात 15 वर्षांवरच्या दर 100 बायकांपैकी जेमतेम 23 श्रमबाजारात होत्या, पुरुष 76. बांगलादेशात 2016-17 मध्ये बायका 36 आणि पुरुष 80. म्हणजे दरी दोन्हीकडे मोठी, पण आपली जास्त.

याचं एक उत्तर कारखान्यांत सापडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. पुढे रात्रपाळीवर बंदी आली, 1929 च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकांवर आला, नवी यंत्रं आली आणि बायकांची खाती आटत गेली. कायदे संरक्षणासाठी होते, पण मालकांना बाई ‘महाग’ वाटू लागली. ढाक्यात नेमकं उलट झालं. 1979 मध्ये ‘देश गारमेंट्स’ने 130 जणांना शिकायला दक्षिण कोरियात पाठवलं आणि पुढच्या दोन दशकांत शिवणकामाच्या कारखान्यांत लाखो मुली आल्या. आपल्याकडे बायका गिरणीतून बाहेर पडल्या, तिकडे कारखान्यात शिरल्या.

पण एवढ्यावर थांबू नका. दुसरं उत्तर जास्त गमतीचं आहे, आणि त्यासाठी पालघरजवळच्या शिरगावला यावं लागेल.

या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातली बाई काय काय करते ते बघा. मासळी निवडते, बोंबलांच्या जोड्या करून वलांडीवर टांगते, जवळा सुकवते, पाटी घेऊन बाजारात बसते. होडी मात्र नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. सर्वेक्षणवाला दारात आला आणि ‘तुम्ही काय करता?’ म्हणाला, की उत्तर येतं, ‘घरीच असते.’ झालं! तिची नोंद घरकामात, म्हणजे श्रमबाजाराच्या बाहेर. नियमाप्रमाणे घरच्या धंद्यात विनापगारी मदत करणारीही कामगारच धरायची असते. पण त्यासाठी आधी तसा नेमका प्रश्न विचारावा लागतो.

प्रश्न बदलला की देश कसा बदलतो, याचे दोन पुरावे देते. आपल्या 1961 च्या जनगणनेत हंगामात रोज तासभर नियमित काम केलं तरी माणूस कामगार धरला जाई. 1971 मध्ये ‘मुख्य काम कोणतं?’ असं विचारलं, आणि कामकरी बायकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. दहा वर्षांत निम्म्या बायका काय घरी बसल्या होत्या? बांगलादेशात तर 1995-96 च्या एकाच सर्वेक्षणाचे दोन निकाल आहेत. नेहमीच्या व्याख्येने बायकांचा सहभाग 15.8 टक्के. धान्य सुकवणं, उकडणं, कोंबड्या पाळणं धरलं तर 50.6 टक्के. बायका त्याच, वर्ष तेच.

म्हणून दोन देशांची तुलना करताना मी आधी प्रश्नावली वाचते, मग तक्ता. भारतातला दर 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. आनंदाची गोष्ट? थोडी. कारण वाढ मुख्यतः ग्रामीण भागात आहे, आणि तीही बरीचशी स्वयंरोजगारात आणि घरच्या धंद्यातल्या मदतीत. दरी कमी झाली, पण प्रत्येकीच्या हातात पैसा आला असं त्यावरून म्हणता येत नाही. कारखान्यातल्या पगाराची बाई आणि वलांडीवरची विनापगारी बाई, तक्त्यात दोघी ‘एक’च मोजल्या जातात.

तुम्ही म्हणाल, ही अभ्यासकांची कीस काढायची सवय. तसं नाही. वाढवण बंदराला जून 2024 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. आता या पट्ट्यात कोणाची उपजीविका जाते याच्या याद्यांचा प्रश्न येणारच. होडीवाल्याचं नाव यादीत शोधायला सोपं आहे. मासळी सुकवणारी आणि विकणारी कागदावर ‘गृहिणी’ असेल, तर तिचं काय गेलं हे कोण लिहिणार? पुढच्या वेळी कोणी सर्वेक्षणाला दारात आलं, तर ‘घरीच असते’ म्हणण्याआधी दिवसभरात काय केलं ते सगळं सांगा.