तंजावरची कट्यार : परीक्षण आणि जतन

दक्षिण भारतात विजयनगरच्या काळात रूढ झालेली आणि पुढे तंजावरच्या नायकांच्या पदरी घडवणीच्या परमोत्कर्षास पोहोचलेली कट्यार, व्यंकोजी भोसल्यांनी 1676च्या सुमारास तेथे सत्ता स्थापन केल्यावर, मराठा राजघराण्याच्या शस्त्रागाराचा भाग झाली. दुसरे शिवाजी 1855 मध्ये पुत्रावाचून निवर्तले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि ते शस्त्रागार विखुरले. आज तेथील कट्यारी चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात, तशाच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही आढळतात.

अशा कट्यारीचे परीक्षण मुठीपासून सुरू करणे सोयीचे असते. मुठीतील आडव्या दांड्या हाताने धरल्या की पाते मनगटाच्या सरळ रेषेत येते आणि बाजूंच्या दोन पट्ट्या मनगटाला आधार देतात. तंजावरच्या नमुन्यांत यांखेरीज हाताची पाठ झाकणारे शिडाच्या आकाराचे कवच आणि याळीची, म्हणजे सिंहसदृश काल्पनिक पशूची, कोरीव शिल्पे दिसतात. पाते मात्र पुष्कळदा युरोपीय तलवारीचे असते: आयात पाते कापून मुठीतून निघालेल्या दोन पट्ट्यांमध्ये रिव्हेटांनी जखडलेले असते, आणि त्यावरील लांब खोबणी मुठीपाशी एकाएकी तुटलेली दिसते. हा जोड बनावटगिरीचा पुरावा नव्हे. समुद्रमार्गे आलेले पोलाद स्थानिक लोहारांनी आपल्या शस्त्रात कसे सामावून घेतले, याचीच ती नोंद आहे.

म्यानाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. लाकडाच्या दोन पातळ फाळी जोडून त्यांवर चामडे किंवा मखमल चढवीत, टोकाला तहनाळ नावाची धातूची टोपी बसवीत. लाकूड व कापड लोखंडाच्या मानाने लवकर झिजत असल्याने मूळ म्यान क्वचितच टिकते. त्यामुळे म्यानावरून कट्यारीचे वय ठरवणे धोक्याचे असते. शिवाय लाकूड आणि चामडे ओलावा धरतात, चामड्यातील आम्ल पात्याला गंजवते, आणि तांब्या-पितळेच्या खिळ्यांशी चामड्यातील स्निग्धांशाचा संयोग होऊन हिरवट मेणासारखा थर साचतो. म्हणून जतन करताना पाते आणि म्यान शेजारी, पण वेगळे ठेवतात.

दुरुस्तीत सर्वाधिक हानी उत्साहाने होते. पॉलिश कागदाने घासलेले पाते चकाकते खरे, परंतु त्याबरोबर जौहर, म्हणजे उच्च कर्बयुक्त भारतीय पोलादावर उमटणारी लहरींची नक्षी, आणि कोफ्तगरी, म्हणजे खरवडलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्या-चांदीची तार, हीही पुसली जाते. यासाठी प्रथम क्ष-किरण चित्र घेऊन गंजाखालची नक्षी व रिव्हेट पाहावेत, भुसभुशीत लालसर गंज भिंगाखाली हळूहळू काढावा, घट्ट बसलेला काळसर थर तसाच राखावा आणि शेवटी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा, गरज पडल्यास काढून टाकता येणारा, पातळ लेप द्यावा. नवी मखमल चढवण्यापेक्षा जुन्या मखमलीचे उरलेले धागे आधार देऊन टिकवणे अधिक मोलाचे आहे. कारण कोणत्या हातांनी ही वस्तू घडवली, बदलली आणि वापरली, हे सांगणारा लेखी दस्तऐवज बहुतेक कट्यारींच्या बाबतीत उपलब्ध नाही, आणि तो भार झिजलेल्या धातूला, लाकडाला व कापडालाच वाहावा लागतो.