पुरलेली रासायनिक शस्त्रे

युद्धानंतर जमिनीत पुरलेले, आगारात बेवारस राहिलेले किंवा समुद्रात बुडवलेले विषारी द्रव्याचे तोफगोळे, बॉम्ब, अग्निबाण व पिंपे. अशा साठ्याचे महत्त्व किती, हा वाद तो सापडल्यावर सुरू होतो. कायद्याच्या दृष्टीने ते शस्त्र आहे काय, सैन्याला त्याचा उपयोग होता काय आणि उकरणाऱ्याला त्यापासून धोका आहे काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. वादात ते बहुधा एकत्र कालवले जातात.

कायदा : रासायनिक शस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला. १९२५ पूर्वी बनलेली, तसेच १९२५ ते १९४६ या काळात बनून वापरण्यालायक न उरलेली शस्त्रे त्यात ‘जुनी’ मानली आहेत. १ जानेवारी १९२५ नंतर एका राष्ट्राने दुसऱ्याच्या भूमीवर संमतीविना टाकून दिलेली ती ‘परित्यक्त’. १९७७ पूर्वी पुरलेली व अद्याप पुरलेलीच असलेली किंवा १९८५ पूर्वी समुद्रात टाकलेली शस्त्रे जाहीर करण्याचे बंधन नाही. म्हणजे फावडे लागेपर्यंत कायदा गप्प बसू शकतो.

रसायन : मस्टर्ड हा नावापुरता वायू, प्रत्यक्षात तो तेलकट द्रव असून सुमारे १४° से. खाली गोठतो. बंद गोळ्यात तो दशकानुदशके टिकतो. काळाच्या ओघात त्याचा काही भाग घट्ट राळेसारखा होतो, पण आतला द्रव त्वचेवर फोड आणण्याइतका जहाल राहू शकतो. सरिनचे तसे नाही. पाण्याशी त्याचे विघटन होते आणि अशुद्ध सरिन लवकर निकामी होतो. सरिन ऑर्गनोफॉस्फेट कुळातला आहे. सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातील शेतकऱ्याला हे कुळ फवारणीच्या औषधांमुळे माहीत असते, आणि दोन्ही विषबाधांवर ॲट्रोपिन हाच पहिला उतारा आहे. गोळ्याचे वय पाहून महत्त्व ठरवणारे राजकारणी आतल्या द्रव्याची परीक्षा क्वचितच विचारात घेतात.

इराक : या वादाचे सर्वाधिक दस्तऐवज इराकविषयी आहेत. १९८०च्या दशकात इराणविरुद्ध आणि १६ मार्च १९८८ रोजी हलबजा येथे कुर्दांविरुद्ध इराकने ही शस्त्रे वापरली. १९९१ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी भरलेले व रिकामे मिळून ३८,००० हून अधिक गोळे-बॉम्ब आणि सुमारे ६९० टन विषारी द्रव्य नष्ट केले. इराकवर २००३ चे अमेरिकी आक्रमण झाले ते नवा साठा दडवल्याच्या आरोपावरून. अमेरिकेच्या शस्त्रशोध पथकाचे प्रमुख चार्ल्स डुल्फर यांच्या २००४ च्या अहवालात असा साठा नसल्याचा निष्कर्ष आला. त्याच वर्षी मे महिन्यात बगदादमध्ये रस्त्याकडेला पेरलेला एक स्फोटक गोळा सरिनचा निघाला. तो लावणाऱ्यांना ते ठाऊक होते असे दिसत नाही. जून २००६ मध्ये अमेरिकन सेनेटर रिक सँटोरम व प्रतिनिधी पीट होक्स्ट्रा यांनी सुमारे ५०० गोळे सापडल्याचे जाहीर करून युद्धाचे समर्थन केले. हे गोळे १९९१ पूर्वीचे होते, त्यामुळे आक्रमणाचे कारण त्यांनी सिद्ध झाले नाही. मात्र विरोधकांनी ते ‘भंगार’ म्हणून उडवून लावले, हेही शास्त्राला धरून नव्हते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑक्टोबर २०१४ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार २००४–११ या काळात सुमारे ५,००० गोळे, बॉम्ब व अग्निबाण मिळाले आणि १७ अमेरिकन सैनिक व ७ इराकी पोलिसांना बाधा झाली. अमेरिकी गुप्तचरांनी विकत घेतलेल्या ‘बोराक’ या इराकी अग्निबाणांपैकी काहींत सरिन अपेक्षेहून शुद्ध आढळला. इराकमध्ये सापडलेली ही शस्त्रे करारातील ‘जुनी’ किंवा ‘परित्यक्त’ यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाहीत. इराक २००९ मध्ये करारात आला, तेव्हा अवशेष जाहीर करून नष्ट करण्याची जबाबदारी त्याच्यावर आली.

चीन : जपानी सैन्याने टाकलेल्या साठ्याची संख्या विवाद्य. ऑगस्ट २००३ मध्ये चिचिहार येथे पिंपे उकरताना ४३ जण जखमी झाले व एक दगावला.

विल्हेवाट : बंदिस्त स्फोटकक्षात अथवा भट्टीत.

सातारा, सांगली व मराठा पलटणी : आजच्या सांगली जिल्ह्यातील काही तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते, त्यामुळे मराठा पलटणींच्या या भागातील जुन्या भरतीत दोहोंचा हिशोब बराचसा एकत्र आहे. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी ६व्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण आल्या. १९२० च्या इराकी उठावात ब्रिटिशांनी वायू वापरला काय याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वापराची चर्चा झाली एवढे कागदोपत्री दिसते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीच्या आघाडीवर होत्या. इटलीच्याच किनाऱ्यावर बारी बंदरात २ डिसेंबर १९४३ च्या जर्मन हल्ल्यात ‘जॉन हार्वे’ हे २,००० मस्टर्ड बॉम्ब वाहणारे अमेरिकन जहाज फुटले. मस्टर्डने ६०० हून अधिक जण रुग्णालयात गेले, ८० हून अधिक दगावले. दोस्त राष्ट्रांनी हे प्रकरण दडवले. रावळपिंडीत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी भारतीय सैनिकांवर मस्टर्डच्या चाचण्या घेतल्याचे कागद २००७ मध्ये प्रकाशात आले.

भारत : ऑगस्ट १९९२ मध्ये पाकिस्तानसह केलेल्या संयुक्त निवेदनात भारताने आपल्याकडे रासायनिक शस्त्रे नसल्याचे म्हटले होते. जून १९९७ मध्ये १,०४४ टन मस्टर्ड जाहीर केले. तो साठा २००९ मध्ये पूर्ण नष्ट झाला.